गादी राहू द्यायची ना?

आमच्या दुकानात पैठणी आधी उलट्या बाजूने दाखवतात. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, काकांनी पाडलेली ती पद्धत आहे. गिऱ्हाईक येऊन टेकलं की काका मागच्या फडताळातून साडी काढतात, मांडीवर घेतात आणि पदर पालथा करून पुढे धरतात. हातमागावरच्या चांगल्या पैठणीची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, धागे लोंबत नाहीत. "आधी हे बघा," ते म्हणतात. "पुढून काय, सगळ्याच छान दिसतात."

हे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांनी दुकान चालवायला घेतलं त्याच सुमारास ते येवल्याहून आमच्याकडे कामाला आले. घरी माग होता, पण भावाभावांत एकच, म्हणून यांनी विणण्याऐवजी विकणं पत्करलं. मी शाळेतून दुकानात यायचे तेव्हा त्यांच्या शेजारी बसून अभ्यास करायचे, आणि पाढे चुकले की ते साडीची घडी न मोडता माझ्या डोक्यात टपली मारायचे. मला ते 'बाळ' म्हणत आणि अर्थातच 'तू' म्हणत. पुढे ज्या दिवशी मी मालक म्हणून दुकानात बसले, त्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "या ताई. चहा घेणार का तुम्ही?" मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की काका माझ्यावर रागावलेत. बाबा हसले. म्हणाले, "राग नाही, रीत आहे ती."

दुकान नाशिकच्या मेनरोडच्या मागच्या गल्लीत आहे. चपला बाहेर काढायच्या आणि गादीवर मांडी घालून बसायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, कडेला दोन लोड. चादर दर सोमवारी बदलायची. ज्यांना खाली बसवत नाही अशा बायकांसाठी चार प्लास्टिकची स्टुलं कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेली असायची. गिऱ्हाइकाच्या गुडघ्यांचा आम्ही एवढा विचार केलेला होता.

दुकान घेण्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात एचआरमध्ये नोकरी करत होते. तिथे माझं काम काय, तर नवीन यंत्र आलं, नवीन पद्धत आली, की कामगारांना त्यासाठी तयार करायचं. 'माणसं बदलाला विरोध का करतात' या विषयावर माझं एक भाषण ठरलेलं होतं. त्यात चित्रं होती, बाण होते आणि शेवटी तापत्या पाण्याच्या मडक्यातून बाहेर उडी मारणारा एक बेडूक होता. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या बेडकाला होत्या हे मला फार उशिरा कळलं.

बाबांचं वय झालं, भाऊ परदेशात, म्हणून दुकान माझ्याकडे आलं. मी पहिल्याच आठवड्यात एक वही केली आणि तीन रकाने आखले. तयार, काठावर, विरोधात. कोण बदलायला राजी आहे याची ही यादी. दोन तरुण सेल्समन 'तयार'मध्ये गेले, कारण त्यांनी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली. काका गेले 'विरोधात'. ते बोलले काहीच नव्हते, पण मी बारकोडबद्दल सांगत असताना त्यांनी तोंड कसंनुसं केलं होतं. आमच्याकडे फॉल-पिको करणाऱ्या वहिनींचं नाव मी वहीत घातलंच नाही. त्या मागच्या बाजूला पडद्याआड मशीनवर बसतात. त्यांना काय विचारायचं, असं मला वाटलं. आज ती वही काढली की माझी मलाच लाज वाटते.

तर मी बदल करायला लागले. बारकोड आले. मग फोनवरून साड्या दाखवायला सुरुवात केली, म्हणजे पुण्याची किंवा अमेरिकेतली बाई घरी बसून बघणार आणि इथून आम्ही दाखवणार. दोघं तरुण कॅमेऱ्यापुढे लाजून लाल झाले. 'विरोधात' असलेल्या काकांनी फोन लोडाला टेकवला, चष्मा पुसला आणि पलीकडच्या बाईला म्हणाले, "थांबा ताई, आधी मागची बाजू दाखवतो." ती बाई इतकी हसली, इतकी खूश झाली, की नंतर तिच्या बहिणींनीही फोन केले आणि प्रत्येकीने "तेच काका द्या" म्हणून हट्ट धरला. मी त्यांना वहीतल्या पहिल्या रकान्यात हलवायला हवं होतं. मी म्हटलं, अपवाद असतो एखादा.

एक बदल मात्र माझ्या हातून होत नव्हता, तो म्हणजे गादी. कॉलेजरोडच्या दुकानांत काउंटर होते, सोफे होते, आरसे होते. आमच्या दारातून बायका आत डोकवायच्या, गादी बघायच्या आणि "खाली बसायचंय का? मग राहू दे," म्हणून निघून जायच्या. मी एका सुताराकडून काउंटरचा नकाशा काढून घेतला. मग माझं धैर्य गळालं. ती बाबांची गादी होती. माझा अर्धा अभ्यास तिच्यावर झालेला. आणि मुख्य म्हणजे काका. त्यांचं सगळं आयुष्य त्या गादीवर गेलं, ती काढली तर त्यांच्या पायाखालची जमीनच काढल्यासारखं होईल, असं मी मनाशी पक्कं केलं. तरी विचारायचं म्हणून एका दुपारी विचारलं.

"काका, गादी राहू द्यायची ना?"

"राहू द्या की," ते म्हणाले.

झालं. मी नकाशा खणात टाकला. माणसांच्या भावना जपणारी मालकीण म्हणून मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

त्या दसऱ्याला दुकानाची पूजा झाल्यावर मी चार शब्द बोलले. भाषणाची सवय जात नाही. पेढे वाटून झाले होते, सगळे गादीवर बसले होते, आणि मी म्हटलं, "काकांकडून शिका. सकाळी बसतात ते संध्याकाळपर्यंत गादी सोडत नाहीत. जेवतातसुद्धा इथेच, दुकानावर लक्ष ठेवून. तुमच्यासारखं दर तासाला चहाला पळत नाहीत." तरुणांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी चादरीवरचा पेढ्याचा कण बोटाने उचलला आणि कागदात ठेवला. पडद्याजवळ उभ्या असलेल्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढं मला आठवतं.

दसऱ्यानंतर आठवडाभरात काका म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की मी काम सोडीन म्हणतो."

मला आधी कळलंच नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. नव्या सुनेसाठी, लेकीसाठी पैठणी घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक 'काका आहेत का' म्हणूनच पायरी चढतात. पण खरं सांगायचं तर तो हिशेब नंतर सुचला. आधी एवढंच वाटलं की हे गेले तर या दुकानात मला लहानपणापासून ओळखणारं कुणी उरणार नाही.

"का पण?" मी विचारलं.

"येवल्याला भाऊ आहे. घर आहे. आता तिकडेच जावं म्हणतो."

"काही चुकलं का आमचं?"

"छे, तुमचं काय चुकणार."

आणि ते समोरच्या साडीची घडी घालायला लागले. मी रागावले. मला राग पटकन येतो, आणि भीती वाटली की तर फारच पटकन येतो. घरी येऊन मी भांडी आदळली. मग रात्रभर विचार करून एक निष्कर्ष काढला, नेहमीप्रमाणे चुकीचा. बारकोड, फोन, कॅमेरा, हे सगळं माझ्या घाईने झालं आणि म्हातारा माणूस दुखावला. त्यांना दाखवून द्यायला हवं की जुन्याची मला कदर आहे.

आणि मी काय केलं? गादी नवी भरून घेतली. जुना कापूस पिंजून घेतला, त्यात नवीन घातला, आधीपेक्षा चार बोटं जाड केली. दुकानात आणून ती पसरली तेव्हा तरुणांनी तिच्यावर लोळून बघितलं. इतकी मऊ झाली होती की बसलं की माणूस आत जायचा. "काका," मी म्हटलं, "ही खास तुमच्यासाठी." काका बसले. बसताना एक हात भिंतीला लावला होता. "छान झाली," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागे गेले. वहिनी एका साडीला फॉल लावत होत्या. त्या मूळच्या सुरगाण्याकडच्या. लहानपणी आईबापांबरोबर द्राक्षांच्या बागेत कामाला नाशिकला येत, लग्नानंतर इथेच राहिल्या आणि शिवण शिकल्या. बोलणं कमी. मी डबा उघडत होते आणि बाहेर काका नेहमीसारखे गादीवरच जेवत होते. वहिनींनी मशीन थांबवलं.

"ताई, काका दिवसभर पाणी पीत नाय. तुम्हाला माहीत हाय का?"

"म्हणजे?"

"सकाळी घरून पिऊन येतात तेवढंच. चहाबी नाय. पाणी प्यालं का उठायला लागतं ना."

मला अजून समजेना. वहिनींनी पडदा बोटभर सरकवला आणि मला पुढे बघायची खूण केली.

काकांचं जेवण झालं होतं. दुकानात कुणी नव्हतं, दोघं तरुण बाहेर टपरीवर गेले होते. काकांनी डबा बाजूला ठेवला. मग ते हळूहळू ओणवे झाले. दोन्ही हात गादीवर, दोन्ही गुडघे गादीवर, जसं रांगणारं मूल असतं तसे. मऊ गादीत हात रुतत होते, टेकू मिळत नव्हता. ते तसेच गुडघ्यांवर फडताळापर्यंत गेले, खालच्या फळीला धरलं, मग मधल्या, मग वरच्या. उभे राहिल्यावर बराच वेळ डोळे मिटून तिथेच थांबले. नंतर त्यांनी आपण रांगत गेलो तिथली चादर वाकून एका हाताने सारखी केली, कुणाला वळ्या दिसू नयेत म्हणून.

मी डबा तसाच बंद केला. दसऱ्याला मी सगळ्यांसमोर ज्याचं कौतुक केलं होतं ते हे होतं. गादी सोडत नाहीत, चहाला उठत नाहीत, शिका त्यांच्याकडून. त्या कौतुकानंतर तर बिचाऱ्यांना मधे उठायची सोयच उरली नव्हती.

"किती दिवस असं?" मी विचारलं.

"लय दिवस. दोन-तीन वरसं झाली. आता जास्त."

"मग सांगायचं नाही का त्यांनी? मी विचारलं होतं त्यांना."

"काय विचारलं?"

"गादी राहू द्यायची ना, म्हणून."

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "असं विचारल्यावर कोण नाय म्हणंल ताई? तुम्ही मालक. त्यात बाबांची गादी." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

इतकी वर्षं मी लोकांना माणसांचं ऐकायला शिकवत होते. कारखान्यात ऐकायच्या पद्धतींवर मी एक अख्खा दिवस बोलायचे, जेवणाच्या सुट्टीसकट. आणि मी विचारलेल्या प्रश्नाला 'हो'शिवाय उत्तरच नव्हतं, हे मला मशीनवर बसणाऱ्या, माझ्या वहीत नाव नसलेल्या बाईने सांगितलं.

संध्याकाळी मी बाबांकडे गेले. मनात म्हटलं, त्यांना वाईट वाटेल, पण सांगायचं. "बाबा, मी गादी काढते आहे."

बाबा टीव्ही बघत होते. "काढ की," ते म्हणाले. "मी कधीच काढली असती."

"मग काढली का नाही?"

"तुझ्या काकाला काय वाटेल म्हणून. सगळा जन्म त्याचा तिथे गेला. मी विचारलं होतं एकदा त्याला. म्हटलं, गादीच बरी ना आपली? तो म्हणाला, बरीच आहे की."

मी कपाळाला हात लावला. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि जरा ओशाळून म्हणाले, "मला तरी कुठे खाली बसवतंय आता. म्हणून तर दुकानात यायचं सोडलं. तुला वाटलं असेल, पोरीला मोकळीक दिली."

मला तसंच वाटलं होतं. चार जणांत त्याबद्दल मी अभिमानाने बोलतही होते. म्हणजे बाबांनी गादी काकांसाठी ठेवली, काकांनी बाबांसाठी, आणि मी दोघांसाठी. कुणालाच ती नको होती, आणि वर मी ती चार बोटं जाड करून घेतली. मी हसायला लागले आणि मधेच मला रडू आलं. बाबांनी विचारलं, काय झालं. मी पाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझ्याबरोबरीचा आहे तो. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी काकांशेजारी जाऊन बसले, पूर्वी बसायचे तशी. या वेळी प्रश्न नीट जुळवून आणला होता. दुखतंय का, असं विचारलं असतं तर ते 'नाही' म्हणाले असते.

"काका, कुठला गुडघा जास्त दुखतो?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे बघितलं. मशीनचा आवाज चालूच होता.

"डावा," ते म्हणाले.

मी खणातला नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. "हा काउंटर मला कसा करावा ते कळत नाही. यात काय चुकलंय ते सांगा." त्यांनी चष्मा लावला. पहिली पाच मिनिटं 'बरा आहे' म्हणत होते. मी गप्प बसले. मला गप्प बसणं किती कठीण जातं हे माझ्या घरच्यांना विचारा. शेवटी त्यांचं बोट नकाशातल्या काचेच्या पृष्ठभागावर थांबलं.

"काच नको. काचेवर रेशीम सरकतं. साडी हातात राहणार नाही. लाकूड पाहिजे, वर पांढरी चादर."

"बरं."

"उंची फार झाली. पदर पुढे सोडला तर गिऱ्हाइकाच्या मांडीवर यायला हवा. बाई पदराला हात लावते तेव्हाच ठरतं तिचं." मग त्यांनी हात पसरून रुंदी दाखवली, सुताराला बोलवून स्वतः दोरीने माप दिलं, आणि त्याने मधेच काही सुचवलं तेव्हा त्याला "तुम्ही साड्या विकल्यात का कधी?" असं विचारून गप्प केलं. 'विरोधात' या रकान्यातला हा माणूस सलग तीन दिवस बदलाबद्दलच बोलत होता.

काउंटर लाकडाचा झाला, त्यामागे साड्या दाखवणाऱ्यांसाठी पाठ टेकायची सोय असलेली तीन आसनं, आणि पुढे गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या. दिवाळीच्या आधी गादी निघाली. तिचा कापूस वहिनींनी आणि मी वाटून घेतला, दोघींच्या घरी उशा झाल्या. बाबा रिक्षाने येऊन खुर्चीत बसून गेले. दिवाळीत काकांनी त्या काउंटरवर काम केलं, पण नेहमीच्या सवयीने पाण्याला हात लावला नाही. मी माठ मुद्दाम त्यांना दिसेल असा ठेवला होता, तरीही नाही. सोडून जाण्याबद्दलही त्यांनी पुन्हा काही म्हटलं नाही, ना हो ना नाही. येवल्याच्या भावाचा फोन मात्र एकदा येऊन गेला.

"राहणार ना काका?" हा प्रश्न रोज माझ्या जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचे. हा पण तसलाच प्रश्न होता. त्याला 'हो' म्हणून ते गप्प राहिले असते, आणि पुन्हा दोन-तीन वर्षांनी मला कुणीतरी पडदा सरकवून दाखवावं लागलं असतं.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मी दहालाच दुकान उघडलं. काका साडेदहाला येतात. द्वारकेच्या चौकात गाडी अडकली ही सबब दुकानातल्या प्रत्येकाने वापरलेली आहे, ते त्याच चौकाच्या पलीकडे राहतात आणि त्यांनी ती कधी वापरली नाही. साडेदहा झाले. दहा पस्तीस झाले. वहिनी मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. मी काउंटरच्या चादरीवर नसलेली वळी हाताने पुसत होते.

दहा चाळीसला ते पायरी चढून आले. "द्वारकेला अडकलो," म्हणाले.

"या काका," मी म्हटलं.

थोड्याच वेळात निफाडकडच्या मायलेकी आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. काका आसनावर बसले, जांभळी पैठणी काढली, पदर पालथा करून मुलीपुढे धरला. "आधी हे बघा." मुलीने हात लावला. काका सांगत होते, रंग, काठ, वेलबुट्टी, आणि सांगता सांगता मधेच थांबले. मला वाटलं दुखतंय. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकासमोर.

"बाळ, जरा पाणी आण गं."

मी तांब्याभर पाणी आणि पेला घेऊन आले. ओतताना काउंटरवर दोन थेंब सांडले. त्यांनी पेला उचलला, सावकाश सगळा संपवला आणि माझ्यापुढे धरला.

"अजून एक दे."